कोऱ्या पत्राचे उत्तर : दूरस्थ अध्यापनाचा मराठी इतिहास आणि आजचा शिक्षक

‘ऑनलाइन अभ्यासक्रम’ हा शब्दप्रयोग मार्च २०२० नंतर आपल्याकडे सर्वतोमुखी झाला. त्यामुळे समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याची कल्पनाच मुळी त्या वर्षी जन्माला आली, असा समज पसरला आहे. महाविद्यालयांत आजही ह्या विषयावरील चर्चा यंत्रांपासून सुरू होते आणि यंत्रांपाशीच संपते. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणते ॲप वापरावे, चित्रफीत किती मिनिटांची असावी, हजेरी कशी नोंदवावी, ह्यापलीकडे ती सहसा जात नाही. हे प्रश्न गौण नाहीत. परंतु त्यांच्या आधीचे दोन प्रश्न आहेत आणि ते पुष्कळ जुने आहेत. जो समोर नाही, त्याच्या मनातली शंका शिक्षकाने ओळखायची कशी? आणि शिक्षकाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम एकट्या शिक्षकाचे की आणखी कुणाचे? मराठी भाषकांनी, त्यातही खानदेशाने, ह्या दोन प्रश्नांची वेळोवेळी जी उत्तरे दिली त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे. हा मागोवा घेण्यामागे निव्वळ इतिहासप्रेम नाही. ह्या उत्तरांचा विसर पडल्याने आज आमच्या भागातील विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे, असे माझे मत आहे.

वरणगावहून पूर्वेला मुक्ताईनगरच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव हे गाव लागते. चांगदेव आणि ज्ञानदेव ह्यांच्यातील पत्रव्यवहाराची आख्यायिका मराठी वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेल्या चांगदेवांना मायना काय लिहावा हेच उमगेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते थोर. नमस्कार लिहावा, तर वय आड येते. अखेर त्यांनी कोरेच पत्र पाठवले. मुक्ताबाईने त्या कोरेपणावर टोला हाणला, आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच ‘चांगदेव पासष्टी’. आख्यायिकेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट मोलाची आहे. शिष्य दूर आहे, आणि त्याला प्रश्न विचारायचा असूनही तो शब्दांत मांडता येत नाही. गुरूला उत्तर द्यायचे आहे ते न विचारलेल्या प्रश्नाला.

दूरस्थ अध्यापनाची सारी अडचण ह्या कोऱ्या पत्रात सामावलेली आहे. वर्गात विद्यार्थी गप्प बसला, तरी त्याचा चेहरा गप्प नसतो. कपाळावरची आठी, खाली गेलेली नजर, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, ह्या सर्व खुणा वाचत शिक्षक आपले पुढचे वाक्य ठरवतो. विद्यार्थी दूर गेला, की ह्या खुणा पुसल्या जातात आणि हाती कोरा कागद उरतो. चांगला दूरस्थ पाठ म्हणजे त्या कोऱ्या कागदावर विद्यार्थ्याच्या शंका आधीच वाचून लिहिलेले उत्तर.

दुसरा प्रश्न सहकाऱ्याचा. मराठी परंपरेत मोठ्या शिकवणुकीच्या शेजारी बहुधा एक लेखनिक उभा दिसतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा उल्लेख लेखक म्हणून येतो. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहिल्या. बोलणारा वेगळा आणि ते बोलणे परगावच्या, पुढच्या काळातल्या वाचकापर्यंत नेणारा वेगळा, ही विभागणी आपल्याकडे जुनीच आहे.

आधुनिक काळात ह्या विभागणीचे सर्वांत उजळ उदाहरण खानदेशातच घडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती प्रवचने बोलता बोलता उतरून घेतली, आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभे राहिले. पुढे भारतातील बहुतेक प्रमुख भाषांत ते गेले. धार्मिक ग्रंथ म्हणून त्याचा विचार पुष्कळ झाला आहे. एका शिक्षकाच्या नजरेने त्याच्याकडे पाहिले, तर ते एक उत्तम रीतीने आखलेले सत्र आहे. अठरा घटक, आठवड्याला एक, प्रत्येकाचे आटोपशीर प्रयोजन, आणि मधले सहा दिवस श्रोत्याने विचार करण्यासाठी मोकळे. श्रोते संस्कृत पंडित नाहीत, ह्याचे भान वाक्यावाक्यात आहे. दृष्टान्त शेतातले, घरातले, चुलीजवळचे.

परंतु हे यश एकट्या वक्त्याचे नव्हे. साने गुरुजी तेथे निव्वळ वेगाने लिहिणारे लेखनिक म्हणून बसलेले नव्हते. १९२४ ते १९३० ह्या काळात ते अमळनेरला शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले होते. दिवसभर वर्गात शिकवून झाल्यावर, उद्या सकाळी मुलाने आपल्या वेळेने, आपल्या गतीने वाचावे म्हणून स्वतंत्रपणे लिहायचे, ही सवय त्यांच्या हाताला आधीच होती. बोललेल्या शब्दाचे वाचायच्या शब्दात रूपांतर करताना काय गाळावे, काय राखावे, कुठे परिच्छेद तोडावा, हे ज्याला कळते अशा माणसाच्या हाती ती प्रवचने पडली. ध्वनिमुद्रण आणि पाठ ह्यांतला भेद येथे स्पष्ट होतो. ध्वनिमुद्रण बोललेले सारे जतन करते. पाठ घडवणारा मात्र गैरहजर माणसाला काय लागेल, ह्याची निवड करतो.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचीही गोष्ट ह्याच जातीची आहे. स्वतः अक्षरओळख नसलेल्या ह्या कवयित्रीची गाणी पुत्र सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी ह्यांनी लिहून ठेवली नसती, तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच ती गेली असती. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापली गेली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने, ज्ञान अनेक वाटांनी येते आणि ते टिकवायला बोलणाऱ्याइतकाच टिपणारा लागतो, हे विसरता कामा नये.

आता संस्थात्मक इतिहासाकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, तेव्हा ते प्रामुख्याने परीक्षा घेणारे विद्यापीठ होते; शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने महाविद्यालयात न गेलेल्यांनाही परीक्षेला बसण्याची मुभा दिली. त्या प्रथेतून पुढे आपल्याकडे ‘बहिःस्थ विद्यार्थी’ आला. हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. बहिःस्थ म्हणजे बाहेर उभा असलेला. विद्यापीठ त्याचे शुल्क घेई, त्याला आसनक्रमांक देई, त्याची उत्तरपत्रिका तपासून त्याला उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवी. मात्र त्याला शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नसे. खानदेशातील महाविद्यालये आधी मुंबई, पुढे पुणे आणि १९९० पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत आली. ह्या सर्व काळात नोकरी करणारे, शेती सांभाळणारे, लग्न होऊन सासरी गेलेल्या असे असंख्य लोक बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसत राहिले. त्यांचा शिक्षक कोण होता? बाजारातले मार्गदर्शक पुस्तक. ज्याला आपण हेटाळणीने ‘गाइड’ म्हणतो, त्याने विद्यापीठाने रिकामी ठेवलेली जागा आपल्या परीने भरली, हे कटू असले तरी सत्य आहे.

ही रिकामी जागा विद्यापीठानेच भरावी, हा विचार स्वातंत्र्यानंतर बळावला. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठात ते १९७१ साली आले. टिपणे छापून टपालाने पाठवायची, हे त्याचे स्वरूप. बहिःस्थाच्या तुलनेत ही प्रगतीच होती. तरी बहुतेक ठिकाणी ही टिपणे म्हणजे वर्गात दिले जाणारे व्याख्यान कागदावर उतरवलेले, एवढेच असे. कोऱ्या पत्राचे वाचन त्यात नव्हते.

त्याच सुमारास युरोपात ह्या विषयावर मूलगामी विचार चालू होता. ओटो पीटर्स ह्या जर्मन अभ्यासकाने १९६० च्या दशकात असे मांडले, की दूरस्थ शिक्षण हे अध्यापनाचे औद्योगिक रूप आहे. कारखान्याप्रमाणे येथेही श्रमविभागणी, पूर्वनियोजन आणि मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन येते. आखणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा. स्वीडनच्या ब्यर्ये होल्मबेर्ग ह्यांनी दुसऱ्या टोकावरून विचार केला. त्यांच्या मते दूरस्थ पाठ हा मार्गदर्शनपर संवाद असतो. छापील पानातूनही विद्यार्थ्याला आपल्याशी कुणी बोलत आहे असे वाटले पाहिजे. पुढे अमेरिकेतील मायकेल मूर ह्यांनी अंतराची व्याख्याच पालटली. खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. संवाद किती आणि पाठाची चौकट किती ताठर, ह्यावर ते ठरते. त्यांचे म्हणणे मान्य केले, तर शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगाही दूरस्थच ठरतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हे दोन्ही विचार व्यवहारात आणले. १९६९ साली सनद मिळालेल्या आणि १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतलेल्या ह्या विद्यापीठात प्रत्येक अभ्यासक्रमामागे एक गट असे. विषयतज्ज्ञ, संपादक, शिक्षणतंत्रज्ञ आणि बीबीसीचे निर्माते एकत्र बसत, आणि एकाने लिहिलेले प्रकरण बाकीचे निर्दयपणे खोडत.

महाराष्ट्रात हा विचार १ जुलै १९८९ रोजी नाशिकला अवतरला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे आंध्र प्रदेशाच्या मुक्त विद्यापीठानंतर सात वर्षांनी आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानंतर चार वर्षांनी स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. संस्थापक कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. २०२३ साली ते निवर्तले. त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांगीण मूल्यमापन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे, की अभ्यासक्रम घडवण्याच्या कामाची विभागणी करण्याचा पद्धतशीर प्रयत्न मराठीत तेथे झाला.

त्या विद्यापीठाच्या जुन्या पुस्तकांपैकी एखादे हाती आले, तर वाचकांनी ते अवश्य चाळावे. प्रकरणाला तेथे ‘घटक’ म्हणतात. आरंभी उद्दिष्टे येतात, आणि ती विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिलेली असतात : हा घटक वाचल्यावर तुम्हाला अमुक करता येईल. मग प्रास्ताविक, मग विषयविवेचन. विवेचनाच्या मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न येतात. सारांश, पारिभाषिक शब्द, प्रश्नांची उत्तरे आणि स्वाध्याय हे सर्व ठरलेल्या जागी. पहिल्या नजरेला हे यांत्रिक वाटते. परंतु विवेचन अर्ध्यावर थांबवून विचारलेला तो प्रश्न म्हणजे कोऱ्या पत्राचे वाचन होय. आता वाचणारा येथे अडखळला असेल, असे ओळखून लेखक क्षणभर थांबतो. विद्यार्थ्याला ‘तुम्ही’ म्हणून केलेले संबोधन हेही त्याच दृष्टीचे. बहिःस्थाला कुणी तुम्ही म्हटलेच नव्हते. त्याला फक्त ‘उमेदवार’ म्हणत.

ह्या व्यवस्थेने एक नवा शब्द रुळवला, तो ‘समंत्रक’. पुस्तक लिहिणारा नाशिकच्या किंवा पुण्याच्या बाजूला. समंत्रक मात्र जवळच्या अभ्यासकेंद्रावर, बहुधा तालुक्याच्या महाविद्यालयात, सुटीच्या दिवशी भेटणारा. त्याने पुन्हा व्याख्यान द्यायचे नसते. पुस्तक वाचून आलेल्यांच्या अडचणी सोडवायच्या असतात. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवून पदवीचे दार दीर्घकाळ उघडे ठेवले गेले, हेही त्याच विचाराचे अंग. आमच्या भागात ह्याचा अर्थ काय होता, ते वरणगावची रचना पाहिल्यावर कळते. एका बाजूला केळीची शेती, दुसऱ्या बाजूला १९६० च्या दशकात उभा राहिलेला आयुध निर्माणी कारखाना, जवळच भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. पाळीत काम करणाऱ्या कामगाराला सकाळी अकराचा तास कधीच उपलब्ध नव्हता. शाळा अर्धवट सोडून संसाराला लागलेल्या बाईला तर कोणताच तास उपलब्ध नव्हता. ह्या दोघांना रविवारचे संपर्कसत्र आणि घरी वाचायचे पुस्तक परवडण्याजोगे होते.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अनेक अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रे कागदावरच होत. पुस्तके उशिरा हाती पडत. मुक्त विद्यापीठाच्या पदवीकडे नोकरीच्या बाजारात आणि आमच्या प्राध्यापकवर्गातही कनिष्ठ नजरेने पाहिले गेले. पुस्तक न उघडता गाइडवर परीक्षा देणारे येथेही होते. तरीही आखणीतला गुण आणि अंमलबजावणीतला दोष ह्यांची गल्लत करू नये. नाशिकने निदान एवढे मान्य केले होते, की दूरच्या विद्यार्थ्यासाठी पाठ घडवणे हे वेगळे काम आहे, त्याला वेगळी माणसे लागतात आणि वेगळा वेळ लागतो.

दूरचित्रवाणीच्या मार्गाने झालेले प्रयत्न ह्या कसोटीवर घासून पाहावेत. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे कार्यक्रम दूरदर्शनवर दाखवले जाऊ लागले. देशभरच्या काही माध्यमकेंद्रांत त्यांची निर्मिती होई; पुण्याचे केंद्र त्यांपैकीच. निर्मितीचा दर्जा पुष्कळदा उत्तम असे. परंतु भाषा प्रामुख्याने इंग्रजी, वेळ दुपारची आणि विषय कोणत्याही एका अभ्यासक्रमाशी न बांधलेले. ज्या छोट्या गावांतील महाविद्यालयांसाठी हा खटाटोप होता, तेथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते पाहून कौतुक वाटे, पण ते आपल्यासाठी आहे असे वाटत नसे. सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट हा उपग्रह अवकाशात गेला. अंतर कापण्याची क्षमता प्रचंड वाढली. मूर ज्याला अंतर म्हणतात, ते मात्र होते तेवढेच राहिले.

भाषेच्या प्रश्नाला एक तांत्रिक पैलूही आहे, आणि मराठीच्या शिक्षकाला तो टाळता येत नाही. २००० च्या आसपास आपल्याकडे संगणकावर जे मराठी लिहिले गेले, ते बहुतांशी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये. प्रत्येकाची अंतर्गत मांडणी वेगळी. तो फाँट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण महाविद्यालयांच्या टंकलेखन-व्यवहारात ती रुळायला खूप वर्षे गेली. परिणामी त्या दशकात टंकलिखित झालेली कितीतरी टिपणे आज शोधता येत नाहीत, मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, आणि पडदा वाचून दाखवणारी प्रणाली वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर ती मुकीच आहेत. आजही जुनी टिपणे छायाचित्ररूपात ऑनलाइन चढवली जातात, तेव्हा हाच दोष नव्याने घडतो.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यासपीठाचे उद्घाटन झाले. जगभर त्याआधीच, विशेषतः २०११-१२ पासून, हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी सामावून घेणाऱ्या खुल्या अभ्यासक्रमांची लाट आली होती. नाव नोंदवणारे अफाट आणि अभ्यासक्रम पुरा करणारे थोडे, हे त्या लाटेचे सर्वत्र दिसलेले लक्षण. स्वयम्‌ची रचना चार चरणांची आहे : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. ह्या चारांकडे जरा निरखून पाहिले, तर ते मुक्त विद्यापीठाच्या घटकाचेच विस्तारित रूप वाटते. विवेचन, सारांश-संदर्भ, समंत्रण आणि स्वाध्याय. आराखडा नवा नव्हे. नवीन काय, तर जुन्या आराखड्यामागची माणसे हळूहळू नाहीशी झाली.

हे २०२० साली उघड झाले. मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि काही दिवसांत प्रत्येक शिक्षक दूरस्थ शिक्षक बनला. आणीबाणीचा प्रसंग होता. त्या काळात जे घडले त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. परंतु आणीबाणी सरल्यावर तिच्यातील तडजोडी नियम होऊन बसल्या, हे चिंतेचे आहे. विषयतज्ज्ञ, लेखक, संपादक, चित्रणकार, तंत्रज्ञ, समंत्रक आणि परीक्षक, ह्या सात भूमिका आता एकाच माणसाने, नियमित तास सांभाळून, बजवायच्या असे गृहीत धरले जाते. सहायक प्राध्यापकाच्या कार्यभारात आठवड्याचे सोळा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे धरलेले असतात. ऑनलाइन अभ्यासक्रम घडवल्याबद्दल पदोन्नतीच्या हिशेबात गुण मिळतात, हे खरे. पण गुण म्हणजे वेळ नव्हे. पीटर्स ह्यांनी वर्णिलेला कारखाना येथे राहिला, त्यातली श्रमविभागणी मात्र गेली.

मध्ययुगीन मराठी साहित्याच्या इतिहासाचा एका सत्राचा अभ्यासक्रम आम्ही काही जण आमच्या विद्यार्थ्यांसाठी आखत आहोत. त्या कामातील काही निर्णय ह्या इतिहासाच्या प्रकाशात सांगण्यासारखे वाटतात. पहिला निर्णय माध्यमाचा. आमच्या कित्येक विद्यार्थिनींच्या घरी एकच मोबाइल असतो आणि तो दिवसा वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात कामावर जातो. त्यामुळे ठरलेल्या वेळेचा थेट तास हा त्यांच्यासाठी वर्गातल्या अकराच्या तासाइतकाच अप्राप्य. पाठ रात्री दहाला, पुन्हा पुन्हा, कमी डेटा खर्चून ऐकता आला पाहिजे. म्हणून मुख्य आधार दहा-बारा मिनिटांच्या ध्वनिपाठाचा आणि युनिकोडमधील मजकुराचा. चित्रफीत फक्त तेथे, जेथे हस्तलिखित, शिल्प किंवा नकाशा दाखवायचा आहे.

दुसरा निर्णय भाषेचा. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरची बोली लेवा गणबोली किंवा तावडी. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाची प्रमाणभाषा हे एक अंतर, आणि लीळाचरित्राची भाषा हे दुसरे. गंमत अशी, की दुसरे अंतर पुष्कळदा पहिल्यापेक्षा कमी निघते. प्रमाण मराठीने टाकून दिलेले काही शब्द आणि रूपे बोलींत टिकून असतात. म्हणून पहिल्याच पाठात विद्यार्थ्याला काम दिले आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दहा शब्द लिहून आणण्याचे. ज्याला आपण शिकवणार, त्यालाच आधी लेखनिक करायचे. वर्गात हे काम घाईत उरकले जाते. दूरस्थ पाठात ते अधिक चांगले होते, कारण विद्यार्थी घरीच असतो.

तिसरा निर्णय प्रश्नांचा, आणि तोच सर्वांत कष्टाचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर घ्याव्या लागल्या. तेव्हापासून ऑनलाइन म्हणजे चार पर्याय, अशी एक सांगड बसली आहे. कवीचा जन्मशक विचारायला चार पर्याय पुरतात. अभंग कळला का, हे त्यांतून समजत नाही. प्रत्येक पाठात एक तरी प्रश्न असा ठेवायचा, की ज्याचे उत्तर चार-पाच ओळींत लिहावे लागेल आणि ते कुणीतरी वाचेल. ह्यातले ‘कुणीतरी’ महत्त्वाचे. शंभर विद्यार्थ्यांची पाच-पाच ओळींची उत्तरे दर आठवड्याला वाचणे हे समंत्रकाचे काम आहे. समंत्रक नसेल, तर तो प्रश्न पुढच्या सत्रात निमूटपणे गळून पडतो, आणि अभ्यासक्रम पुन्हा चार पर्यायांवर येतो.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. उत्तम वक्त्याचे एक व्याख्यान चित्रित करून ते राज्यभर दाखवले, तर वरणगावच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या तोडीचे शिक्षण मिळणार नाही का? गावोगावच्या सामान्य शिक्षकांनी आपापले पाठ का घडवत बसावे? ह्या आक्षेपात तथ्य आहे. चांगले व्याख्यान सर्वांना मिळावे, ह्याबद्दल दुमत नाही. ‘गीता प्रवचने’ हे त्याचेच उदाहरण. परंतु तेथे श्रोते समोर होते, त्यांचे चेहरे वक्त्याला दिसत होते, आणि वक्त्याजवळ साने गुरुजी बसले होते. ह्या तिन्ही गोष्टी वजा करून उरलेली चित्रफीत गावोगाव पाठवली, तर ती १९८४ च्या दुपारच्या कार्यक्रमांची पुनरावृत्ती होईल. व्याख्यान बाहेरून यावे; प्रश्न आणि उत्तर मात्र जवळचे असावे. मुक्त विद्यापीठाने पुस्तक मध्यवर्ती आणि समंत्रक स्थानिक ठेवला, त्यामागचे तर्कशास्त्र हेच होते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, आणि तो धोरणाचा आहे. श्रेयांकांपैकी किती भाग ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येईल, ह्याची मर्यादा २०१६ साली वीस टक्के होती; २०२१ साली ती चाळीस टक्के झाली. विद्यार्थ्याला निवड मिळावी, हा हेतू स्तुत्य. परंतु ज्या महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत, तेथे ही सवलत निवड न राहता पर्याय बनू शकते. शिक्षक नाही, म्हणून चित्रफीत. तसे झाले, तर आमच्या विद्यार्थ्याची स्थिती काय होईल? शुल्क भरलेले, नाव नोंदवलेले, परीक्षा दिलेली, आणि शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. ह्या स्थितीला आपल्याकडे जुना शब्द आहे. तो पुन्हा बहिःस्थ होईल, फक्त ह्या वेळी हातात गाइडऐवजी मोबाइल असेल.

म्हणून मागणी यंत्रांची कमी आणि माणसांची अधिक असायला हवी. अभ्यासक्रम घडवणाऱ्या शिक्षकाला एका सत्रापुरती तरी कार्यभारात सूट मिळावी. प्रत्येक पाठ दुसऱ्या शिक्षकाने, शक्य तर त्याच विषयाच्या नसलेल्याने, वाचून खोडावा. प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी जेथे राहतो त्या तालुक्यात, मानधन देऊन नेमलेला, प्रत्यक्ष भेटणारा समंत्रक असावा. साहित्य युनिकोडमध्ये असावे आणि ते उतरवून घेता यावे. ह्यांपैकी एकही गोष्ट अभूतपूर्व नाही. नाशिकच्या विद्यापीठाने १९८९ नंतरच्या दशकात, दूरध्वनीही घरोघर नसलेल्या महाराष्ट्रात, ह्यांतल्या बहुतेक गोष्टी करून पाहिल्या होत्या.

आमचा विद्यार्थी सहसा प्रश्न विचारत नाही. वर्गात विचारत नाही, पडद्यावर तर नाहीच. त्याच्या मौनाचा अर्थ ‘सर्व समजले’ असा घेणे प्रशासनाला सोयीचे असते, आणि कधीकधी आम्हा शिक्षकांनाही. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी कोरे उत्तर पाठवले नाही. पासष्ट ओव्या लिहिल्या. तेवढी योग्यता आपली नसेल, पण समोर आलेला कागद कोरा आहे म्हणून तो वाचायचाच नाही, ही सवलत शिक्षकाला कोणत्याही माध्यमाने दिलेली नाही.